अर्ज कोणी करायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वकील होते. त्यांची बरीचशी वकिली कुळांच्या, इनामांच्या, वहिवाटीच्या भांडणांत गेली. सातबारा आणि फेरफार हेच ज्यांचं रोजचं वाचन, त्यांच्या नावाने बोलायला उभं राहून कोलंबसाची जहाजं आणि कोर्तेसचे घोडे यांची गोष्ट पुन्हा सांगण्यात हशील नाही. ती आपण सगळ्यांनी शाळेत घोकली आहे. म्हणून आज मी कागदांबद्दल बोलणार आहे. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अमेरिका खंड घेतला तो पोलादाने, बारुदाने, स्थानिक राज्यांच्या आपसांतल्या वैराचा फायदा उठवून आणि देवी-गोवराच्या साथींच्या जोरावर. पहिल्या शंभर वर्षांत तिथल्या मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग मरून गेला. मात्र घेतलेलं तीनशे वर्षं टिकवलं ते अर्ज, दाखले, तक्रारी, हुकूम आणि साक्षीपुराव्यांनी. तो ढीग चाळताना मी प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारत आलो आहे: इथे अर्जदार कोण आहे? ज्याची जमीन आहे तो, की ज्याला ती हवी आहे तो?

सुरुवात एका प्रवचनापासून करावी लागेल. डिसेंबर 1511. हिस्पान्योला बेटावर, म्हणजे आज जिथे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक आहेत तिथे, आंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाच्या डोमिनिकन साधूने चर्चमध्ये जमलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांना तोंडावर विचारलं की, या लोकांना तुम्ही कोणत्या अधिकाराने राबवता? ही माणसं नाहीत का? समोर गव्हर्नर दिएगो कोलोन बसला होता, खुद्द कोलंबसाचा मुलगा. बोभाटा झाला, तक्रार राजापर्यंत गेली. राजाने काय केलं, तर समिती नेमली. 1512 साली बुर्गोसला कायदे झाले, आणि त्याच वादातून हुआन लोपेस दे पालासिओस रुबिओस या नामांकित कायदेपंडिताने एक मसुदा तयार केला. त्याचं नाव ‘रिकेरिमिएन्तो’. आपल्या कचेरीच्या भाषेत नोटीस म्हणा.

या नोटिशीत सृष्टीच्या उत्पत्तीपासून आरंभ आहे. देवाने आदम आणि हव्वा निर्माण केले. पुढे सगळ्या मानवजातीवर संत पीटरला नेमलं. त्याच्या गादीवर बसलेल्या पोपने हे मुलूख स्पेनच्या राजाला बहाल केले. तेव्हा तुम्ही राजाची सत्ता मान्य करा. विचार करायला वाजवी वेळ घ्या. मान्य केलंत तर तुम्हाला प्रेमाने वागवू. न केलंत तर युद्ध करू, तुम्हाला आणि तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, मालमत्ता घेऊ, आणि त्यात जी प्राणहानी होईल तिचा दोष तुमच्यावर राहील, राजावर किंवा आमच्यावर नाही. शेवटी हजर असलेल्या नोटरीने हे वाचून दाखवलं असा दाखला लिहून द्यायचा, आणि बाकीच्यांनी साक्षीदार व्हायचं.

1514 साली पेद्रारिआस दाविलाच्या मोहिमेबरोबर ही नोटीस आजच्या पनामा-कोलंबियाच्या किनाऱ्यावर पोचली. पुढे इतिहासकार म्हणून नाव कमावलेला ओविएदो त्या मोहिमेत होता आणि वाचनाचं काम त्याच्याकडे आलं होतं. गावात माणूसच नव्हता. सगळे रानात पळाले होते. नोटीस वाचली गेली ती रिकाम्या झोपड्यांना. ओविएदोने नंतर हा प्रकार खुद्द पालासिओस रुबिओसला सांगितला, तर तो हसला, असं ओविएदोने लिहून ठेवलं आहे. लास कासासने त्याच कागदाबद्दल म्हटलं की हसावं की रडावं कळत नाही. पुढची पन्नास वर्षं राजदरबारात मूळ रहिवाशांची बाजू मांडणारा साधू तो हाच. पंडिताचं हसू आणि साधूची ही अवस्था या दोन्हींच्या मधोमध ते साम्राज्य उभं होतं.

एका ठिकाणी मात्र नोटिशीला उत्तर मिळालं. सेनू प्रांतातल्या सरदारांना मार्तिन फेर्नांदेस दे एन्सिसोने ती समजावून सांगितली. देव एक आहे हे आम्हाला पटतं, ते म्हणाले. पण जे आपलं नाही ते वाटणारा हा पोप तेव्हा दारू प्यायलेला असावा, आणि दुसऱ्याचं मागणारा राजा वेडा असावा. हे एन्सिसोनेच 1519 साली छापलेल्या आपल्या भूगोलाच्या पुस्तकात नोंदवलं. या उत्तराइतकी नेमकी कायदेशीर हरकत त्या शतकात युरोपातल्या विद्यापीठांतूनही फारशी निघाली नसेल. तिचा परिणाम शून्य झाला, कारण नोटिशीने आधीच ठरवून टाकलं होतं की स्पॅनिशांना काही सिद्ध करायचं नाही. सिद्ध करायचं ते समोरच्याने.

स्पॅनिश लोक एकमेकांशीही कागदाच्या याच शस्त्राने लढत. 1519 मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा क्युबाच्या गव्हर्नराने त्याला शोध आणि व्यापार यांपलीकडे काही करायची मुभा दिलेली नव्हती. कोर्तेसने वाळूच्या टेकड्यांत एका नगराची स्थापना जाहीर केली, आपल्याच सैनिकांतून नगराचे न्यायाधीश आणि पंच नेमले, त्यांच्यापुढे आपल्या पदाचा राजीनामा दिला, आणि त्या पंचांनी राजाच्या नावाने त्यालाच पुन्हा सेनापती केलं. नगर म्हणजे वेराक्रूझ. घरं नंतर बांधली. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रयोग फार परका वाटू नये.

असे कागद साचत साचत किती झाले? सेव्हिल शहरात 1785 साली तिसऱ्या कार्लोस राजाने अमेरिका खंडाचं सगळं दप्तर एका छपराखाली आणलं. तिथे आज सुमारे 43 हजार बासनं आहेत, आणि पानं आठ कोटींच्या घरात. पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत त्यांनाही हा आकडा दडपून टाकेल. आज मला बोलायचं आहे ते त्यातल्या एका विशेष जातीच्या कागदांबद्दल. हे कागद जिंकलेल्यांनी, म्हणजे ज्यांना ती नोटीस वाचून दाखवली होती त्यांनी, उलट पाठवले.

मेक्सिकोतलं वेहोत्सिंगो हे नाहुआ लोकांचं नगर. हे लोक अस्तेकांविरुद्ध कोर्तेसच्या बाजूने लढले होते. कोर्तेस स्पेनला गेला असताना नुन्यो दे गुस्मान आणि त्याच्या सोबतच्या न्यायाधीशांनी या गावावर वेठ आणि खंडणी लादली. परत आलेल्या कोर्तेसने 1531 मध्ये दावा लावला, आणि गावाने पुरावा म्हणून आठ चित्रपत्रं हजर केली. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून आणि घायपाताच्या धाग्यांपासून केलेला हा कागद. काय दिलं ते त्यावर रंगवलेलं आहे: मका, मिरच्या, टर्की कोंबडे, कापड, विटा, चुना. मोजण्याची रीत नाहुआंची: एक निशाण म्हणजे 20, केसांच्या बटेसारखी खूण म्हणजे 400. आणि या सगळ्याच्या मध्ये मेरी आणि बाळ येशू यांचं चित्र. गुस्मानला मोहिमेवर न्यायला सोन्याचा पत्रा आणि पिसं लावलेला मेरीमातेचा झेंडा हवा होता. तो गावाने करून दिला. सोनं कुठून आणलं, तर माणसं विकून. विकलेली स्त्री-पुरुष माणसं त्याच पानावर चितारलेली आहेत, झेंड्याच्या हिशेबात. 1538 साली राजाने निकाल गावाच्या बाजूने दिला आणि घेतलेल्यातलं दोन तृतीयांश परत करायला सांगितलं.

निकाल ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात खऱ्या. पण दाव्याचा वादी कोण होता? कोर्तेस. वेहोत्सिंगोची वेठ आणि खंडणी ही आपली मिळकत आहे आणि ती दुसऱ्याने लाटली, अशी त्याची तक्रार होती. लुटीतल्या दोन वाटेकऱ्यांच्या भांडणात गावाला साक्षीदाराची जागा मिळाली, एवढं ते प्रकरण. तरी त्या गावाने एक गोष्ट शिकून घेतली की मालकांत फूट असते, आणि त्या फटीत कागद सरकवता येतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मेक्सिकोभरच्या गावांनी हे तंत्र इतकं आत्मसात केलं की 1592 मध्ये त्यांच्या तक्रारींसाठी खास न्यायालय उभारावं लागलं. वकिलांनी गरीब पक्षकारांकडून फी घ्यायची नाही, पगार न्यायालयातून मिळेल असा नियम झाला. तो पगार यायचा कुठून? दर इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, कुटुंबप्रमुखावर बसवलेल्या अर्ध्या रेआलच्या वार्षिक पट्टीतून. आपल्यावर झालेल्या जुलमाची दाद मागण्याचा खर्चही आपणच आगाऊ भरायचा, असा हा हिशेब.

दक्षिणेत, पेरूमध्ये, लिपी नव्हती, किपू होता. एक जाड आडवी दोरी, तिला खाली लोंबणाऱ्या रंगीबेरंगी दोऱ्या, आणि त्यांवर गाठी. गाठीचं स्थान म्हणजे किंमत: सगळ्यात खाली एकम, त्याच्या वर दहम, त्याच्याही वर शतम. शून्य म्हणजे गाठीविना सोडलेली जागा. इंका साम्राज्याचा सगळा जमाखर्च या दोऱ्यांवर चालायचा आणि तो वाचणारे कारकून असायचे. हाउहा खोऱ्यातले वांका लोक इंकांवर नाराज होते, म्हणून 1533 मध्ये स्पॅनिश सेनानी पिसारो आला तेव्हा ते त्याला मिळाले. धान्य दिलं, लामा ही ओझ्याची जनावरं दिली, ओझी वाहायला माणसं दिली. सगळं देताना गाठी मारत गेले. स्पॅनिशांनी न विचारता उचलून नेलेलंही त्यांनी दोऱ्यांवर चढवलं, आणि ते वेगळं दाखवलं. पेद्रो सिएसा दे लेओन हा सैनिक-लेखक हाउहाला गेला तेव्हा तिथल्या सरदाराने त्याला या दोऱ्या दाखवल्या, आणि हिशेबाची अचूकता पाहून तो थक्क झाला. मग 1558 ते 1561 या काळात वांका सरदारांनी लिमाच्या न्यायालयात किपूवरून पंचवीस वर्षांचा हिशेब वाचून दाखवला. वाचणारा गाठी चाचपत सांगतो, दुभाषा स्पॅनिश करतो, नोटरी लिहून घेतो. पिसारोच्या पहिल्या मुक्कामात किती लामा गेले, किती मका गेला, किती माणसं नेली आणि परत आली नाहीत.

स्पॅनिश न्यायालयाने दोरीला पुरावा मानलं. युरोपातल्या विद्वानांनी ज्यांना लेखनहीन म्हटलं होतं त्यांचं खतावणीचं पुस्तक साम्राज्याच्या कायद्याने दाखल करून घेतलं. त्यातून एका सरदाराच्या मुलाला स्पेनला जाऊन मानचिन्ह मिळालं. खोऱ्याला सवलती मिळाल्या त्या मागितल्याच्या मानाने अगदीच तुटपुंज्या. तोवर दोऱ्या वाचणारे कारकून साथीत मरत होतेच. 1583 च्या लिमाच्या धर्मपरिषदेने मूर्तिपूजेशी निगडित किपू नष्ट करायला सांगितले. आज जगभरच्या संग्रहालयांत साधारण हजारभर किपू उरले आहेत. आकडे वाचता येतात. बाकीचं नाही.

वांकांचा दावा चालू होता त्याच सुमाराचा आणखी एक व्यवहार सांगतो. तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी अर्ज वाटतो. पेरूमधल्या स्पॅनिश जहागीरदारांना त्यांच्या ताब्यातली गावं वंशपरंपरेने कायम हवी होती. 1542 च्या नव्या कायद्यांनी ती वाट बंद केल्यावर तिथे बंड झालं होतं आणि 1546 साली राजाचा प्रतिनिधीच लढाईत मारला गेला होता. पुढे फेलिपे दुसरा गादीवर आला, खजिना रिकामा होता, आणि जहागीरदारांनी पैशाची लालूच दाखवली. यावर पेरूच्या सरदारांनी, ज्यांना कुराका म्हणत, लास कासास आणि दोमिंगो दे सांतो तोमास या दोन साधूंना मुखत्यारपत्र देऊन 1560 साली राजापुढे उलट बोली ठेवली: ते जे देतील त्यापेक्षा एक लाख दुकात जास्त देतो, आम्हाला त्यांच्या हवाली करू नका. स्वतःच्या देशात स्वतःलाच लिलावातून सोडवून घ्यायचा हा प्रयत्न. राजाने शेवटी जहागिरी कायम केल्या नाहीत. सरदारांनाही स्वातंत्र्य विकलं नाही. दोन्हीकडच्यांना आशेवर झुलवत ठेवणं हे सर्वांत स्वस्त धोरण होतं, आणि फेलिपेला स्वस्तपणा कळत होता.

लास कासासबद्दल इथे एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला थेट संत करून टाकायची सवय आहे. 1550-51 मध्ये मूळ रहिवाशांवरच्या युद्धाचं समर्थन करणाऱ्या सेपुल्वेदाशी वायादोलिदला झालेल्या त्याच्या वादाला तोड नाही. तो वाद चालू असेतो नव्या मोहिमा थांबवण्याचा हुकूम सम्राटाने दिला होता, हे जगाच्या इतिहासातलं दुर्मीळ उदाहरण आहे. पण याच माणसाने तरुणपणी सुचवलं होतं की इंडियन मजुरांऐवजी आफ्रिकेतले गुलाम आणावेत. उतारवयात त्याला याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो लिहून ठेवला. जहाजं मात्र थांबली नाहीत.

आता पोतोसी. आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटर उंचीवर, 1545 मध्ये चांदीचा डोंगर सापडला. राजप्रतिनिधी फ्रान्सिस्को दे तोलेदोने 1573 पासून तिथे मितेची पाळी बसवली: सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा, दरवर्षी साधारण साडेतेरा हजार माणसं, आळीपाळीने खाणीवर. वेठीची ही पद्धत मूळ इंकांची. तोलेदोने तिला डोंगराच्या पोटात उतरवलं आणि चांदी काढायला ऊवांकावेलिकाच्या खाणीतला पारा जोडला. पोतोसीवर वेगळं व्याख्यान व्हायला हवं; आज ते मी केवळ ओलांडून जातो, कारण ज्या माणसाकडे मला जायचं आहे त्याने मितेवरून परतलेले आणि न परतलेले लोक रोज पाहिले होते.

त्याचं नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. पेरूच्या दक्षिण भागातल्या लुकानासचा, केचुआ बोलणारा. तरुणपणी तो क्रिस्तोबाल दे आल्बोर्नोस या पाद्र्याच्या हाताखाली होता. आल्बोर्नोसचं काम गावोगाव जाऊन स्थानिक देवस्थानं मोडायचं, आणि ग्वामान पोमा त्याचा मदतनीस. म्हणजे सत्तेचं लेखन तो आतून शिकला. 1590 च्या दशकात त्याने वामांगा शहराजवळच्या चुपास इथल्या जमिनीसाठी दावा लावला: ही माझ्या पूर्वजांची आहे. समोर चाचापोयासहून येऊन वसलेले लोक होते, तेही इंडियनच. त्यांनी न्यायालयात सांगितलं की हा सरदारबिरदार कोणी नाही, लाझारो नावाचा साधा माणूस आहे, खोटी नावं लावतो. डिसेंबर 1600 मध्ये निकाल लागला: दोनशे फटके आणि वामांगातून दोन वर्षं हद्दपारी.

अशा निकालानंतर माणूस बहुधा गप्प बसतो. याने लिहायला घेतलं. पंधराएक वर्षांनी, 1615 मध्ये, त्याच्याकडे जवळजवळ बाराशे पानांचं हस्तलिखित तयार होतं, त्यात स्वतःच्या हाताने काढलेली 398 पानभर चित्रं. स्पॅनिशमध्ये, मधूनच केचुआमध्ये, व्याकरण मोडत-तोडत. मजकूर राजा फेलिपे तिसऱ्याला उद्देशून. आधी जगाचा आणि इंकांचा इतिहास, मग विजयाचा, आणि नंतर शेकडो पानं नुसती तक्रार: कोणता अधिकारी काय करतो, कोणता पाद्री गावातल्या बायकांना कसं मागावर बसवून राबवतो, खाणीच्या मुकादमाने कोणाला उलटं टांगलं. खालच्या कोर्टाने खोटारडा ठरवलेल्या माणसाचं हे वरच्या कोर्टातलं अपील होतं, आणि वरचं कोर्ट म्हणजे खुद्द राजा.

त्यातल्या एका चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो आहे. मधोमध एक इंडियन गुडघे टेकून हात जोडून बसला आहे. त्याच्याभोवती सहा जनावरं, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. प्रत्येकाला नाव दिलेलं आहे. जिल्ह्याचा अधिकारी अजगरासारखा सर्प. सराईत उतरणारे भटके स्पॅनिश वाघ. जहागीरदार सिंह. पाद्री कोल्हा. नोटरी मांजर. आणि गावचा आपलाच सरदार, कुराका, उंदीर. नोटरीला मांजर करण्यात जी दृष्टी आहे ती कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाची. सर्प आणि सिंह दिसतात, त्यांच्यापासून पळता येतं. मांजर घरात असतं, मऊ पावलांनी येतं, आणि कागद त्याच्याच पंजाखाली असतो. स्वतःला सरदार म्हणवणाऱ्या या लेखकाने सरदारांनाही त्या यादीतून सोडलं नाही. उंदीर आणि मांजर एकाच चित्रात एका बाजूने आहेत, भुकेच्या बाजूने.

दुसऱ्या एका चित्रात इंका राजा आणि स्पॅनिश साहसी पेद्रो दे कांदिया समोरासमोर बसले आहेत. मध्ये सोन्याने भरलेलं भांडं. राजा केचुआत विचारतो, तुम्ही हे सोनं खाता का? पाहुणा स्पॅनिशमध्ये सांगतो, हो, खातो. प्रत्यक्षात अशी भेट झालेली नव्हती. ग्वामान पोमाला त्याची पर्वा नाही. त्याने इतिहास पुराव्यासाठी वापरला आणि जिथे पुरावा अपुरा पडला तिथे चित्र काढलं.

पुस्तकात एके ठिकाणी राजा प्रश्न विचारतो आणि ग्वामान पोमा उत्तरं देतो. लोकसंख्या कशी वाढेल, खाणीतली माणसं का मरतात, गावं का ओस पडतात. मुलाखत काल्पनिक आहे. चित्रात मात्र राजा सिंहासनावर आणि लेखक समोर पुस्तक धरून. या माणसाला मी क्रांतिकारक म्हणणार नाही. त्याला राजा हवा होता, ख्रिस्ती धर्म हवा होता. मिश्र वंशाच्या लोकांबद्दल तो कडवटपणे लिहितो आणि उच्चनीचता मोडलेली त्याला खपत नाही. त्याचं म्हणणं इतकंच की प्रत्येकाने आपापल्या देशात राहावं, स्पॅनिशांनी स्पेनमध्ये, इथला कारभार इथल्या सरदारांनी राजाच्या नावाने पाहावा. आपल्याकडे विसाव्या शतकापर्यंत किती संस्थानिक आणि किती मवाळ पुढारी नेमकं हेच मागत होते, ते आठवा.

राजाने हे वाचल्याची कुठलीही खूण नाही. 1908 मध्ये रिखार्ड पीचमान या जर्मन विद्वानाला ते हस्तलिखित कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात सापडलं. ज्याला उद्देशून लिहिलं त्याच्या राज्यात नाही, तर डेन्मार्कमध्ये.

या फेलिपे तिसऱ्याचा आपल्याशीही संबंध आहे. 1580 ते 1640 पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता. पोतोसीचा मालक तोच, गोव्याचा धनीही तोच. पणजीच्या पुराभिलेखागारात मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बनहून येणाऱ्या पत्रांच्या ज्या वह्या आहेत त्यांत याच राजाचे हुकूम आहेत. ग्वामान पोमा हस्तलिखितावर शेवटचा हात फिरवत होता त्याच सुमारास, 1616 मध्ये, साष्टीतल्या रायतूरला फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. आपली मराठी त्या राजाच्या मुलखातल्या छापखान्यातून बाहेर पडत होती. गोव्याच्या गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद तर त्याआधीच, 1526 मध्ये, आफोंसो मेशियाने करून ठेवली होती. पोर्तुगीजांनी गावकीची रूढी लिहून घेतली ती तिच्यावर वसुली बसवण्यासाठी. पण लिहिली गेल्यामुळेच गावकार पुढे शतकानुशतकं तिच्यावर बोट ठेवू शकले.

ब्राझीलला पोर्तुगालने गोव्याइतकंही दिलं नाही. गोव्यात छापखाना 1556 मध्ये आला. ब्राझीलमध्ये 1808 साली, नेपोलियनच्या भीतीने राजदरबारच रिओला पळून आला तेव्हा. स्पेनने मेक्सिको आणि लिमा इथे 1551 मध्येच विद्यापीठं स्थापली. पोर्तुगीज ब्राझीलमध्ये एकही नव्हतं. आणि तरी ब्राझीलचा पहिला कागद एक अर्जच आहे. 1500 मध्ये काब्रालचा काफिला हिंदुस्थानच्या वाटेवर त्या किनाऱ्याला लागला. कालिकतच्या वखारीवर कारकून म्हणून निघालेल्या पेरो वाझ दे कामिन्याने 1 मे रोजी राजाला सविस्तर पत्र लिहिलं: लोक कसे दिसतात, उघडे असूनही लाजत नाहीत, पाणी किती मुबलक आहे. पत्राच्या शेवटी विनंती: माझ्या जावयाला साओ तोमे बेटावरून परत बोलवावं. जावई तिथे शिक्षा भोगत होता. कामिन्या पुढे कालिकतला पोचला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वखारीवरच्या हल्ल्यात मारला गेला.

ब्राझीलमध्ये ज्यांनी ऊस पिकवला त्यांना अर्ज करायलाही जागा नव्हती. तीनेक शतकांत सुमारे 48 लाख आफ्रिकी माणसं तिथे उतरवली गेली, अमेरिका खंडात इतर कुठेही नेलेल्यांपेक्षा जास्त. स्पॅनिश कायद्याने इंडियनाला निदान अज्ञान बालकासारखा पक्षकार मानलं होतं. गुलाम ही मालमत्ता. मालमत्तेने तक्रार करायची नसते. म्हणूनच 6 सप्टेंबर 1770 ची तारीख घातलेलं एक पान मला बाराशे पानांच्या ग्रंथाइतकंच वजनदार वाटतं. ईशान्य ब्राझीलच्या पियाउई प्रांतातल्या एस्पेरान्सा गार्सिया या गुलाम स्त्रीने ते गव्हर्नरला लिहिलं. जेझुइटांची शेतीवाडी राजाने जप्त केली होती आणि तिची देखरेख करणाऱ्या कप्तानाने तिला नवऱ्यापासून तोडून स्वयंपाकाला नेलं होतं. माझ्या मुलाला तो इतकं मारतो की तोंडातून रक्त येतं, मला बांधून मारतो, मी वरच्या मजल्यावरून पडले. तीन वर्षं मला कबुलीजबाबासाठी जाऊ दिलेलं नाही, मुलांचे बाप्तिस्मे राहिले आहेत. मला माझ्या वाडीवर, नवऱ्याकडे परत पाठवा. तिने दया मागितली, पण कबुलीजबाब आणि बाप्तिस्मा या गोष्टी तिने मोजून निवडल्या होत्या. कॅथॉलिक राजाचा गव्हर्नर मारहाणीकडे डोळेझाक करू शकत होता. बाप्तिस्मा अडवल्याची तक्रार त्याला दप्तरी लावणं भाग होतं. पत्र 1979 मध्ये एका संशोधकाला सापडलं, आणि 2022 मध्ये ब्राझीलच्या वकील परिषदेने एस्पेरान्साला देशातली पहिली स्त्री वकील म्हणून मान्यता दिली.

शेवटी मेक्सिकोतलं आनेनेकुइल्को हे गाव. मोरेलोस प्रांतातलं. स्पेनचं राज्य 1821 मध्ये संपलं, उसाच्या हासिएन्दा, म्हणजे मोठ्या जमीनदाऱ्या, संपल्या नाहीत. त्या गावांच्या जमिनी गिळत राहिल्या. गावाकडे वसाहतकाळातले कागद होते, काही नाहुआत्ल भाषेतले, एका म्हाताऱ्याकडून पुढच्याकडे सोपवलेले. सप्टेंबर 1909 मध्ये गावाने तिशीतल्या एमिलियानो सापाताला पुढारी निवडलं आणि वडीलधाऱ्यांनी ते गाठोडं त्याच्या हवाली केलं. त्याने काही दिवस ते कागद चाळण्यात घालवले. जुन्या नाहुआत्ल मजकुराचा अर्थ लावून घेण्यासाठी आपल्या सोबत्याला दुसऱ्या गावच्या पाद्र्याकडे धाडलं. गावाने नेहमीप्रमाणे अर्ज केले, गव्हर्नरपर्यंत गेले, काही निष्पन्न झालं नाही. मग क्रांती पेटली. ते गाठोडं जपायचं काम फ्रान्सिस्को फ्रांको या त्याच सोबत्याकडे आलं, आणि लढाया चालू असताना तो ते घेऊन लपत राहिला.

28 नोव्हेंबर 1911 रोजी सापाताच्या लोकांनी आयालाचा जाहीरनामा काढला. त्याच्या सहाव्या कलमात जमिनीची व्यवस्था सांगितली आहे. ज्या गावांकडे आणि ज्या माणसांकडे जमिनीचे दाखले आहेत त्यांनी आजच ताबा घ्यावा आणि हातातल्या शस्त्रानिशी तो राखावा. आपला त्या जमिनीवर हक्क आहे असं ज्या जमीनदारांना वाटत असेल त्यांनी क्रांती यशस्वी झाल्यावर नेमल्या जाणाऱ्या खास न्यायालयांपुढे अर्ज करावा.